गाडी पाणी पिते, पण ते जातं कुठं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, आणि त्यांच्यासोबत जिल्ह्यातले ट्रकही. पुढचे चार-पाच महिने फड ते कारखाना, कारखाना ते फड. फडात पहिल्या गिअरवर रेटारेटी, रस्त्यावर हिशेबाबाहेर भरलेला ऊस आणि काट्यापुढं तासन्‌तास रांग. पट्टा पडला की हीच गाडी परळीची राख, कापसाच्या गाठी, सिमेंट, मिळेल ते ओढते. बीड शहरात रेल्वे आली तीच मुळी 17 सप्टेंबर 2025 ला. तोवर शहराचा सगळा माल रस्त्यानंच आला आणि रस्त्यानंच गेला.

यातल्या बऱ्याच गाड्यांच्या केबिनमध्ये सीटमागं पाण्याचा कॅन असतो. कशाला, असं विचारलं तर ड्रायव्हर सांगतो, "गाडी थोडं पाणी पिते." मालकालाही ते माहीत असतं आणि दोघांचंही त्यावर समाधान असतं. खरं तर निरोगी ट्रकमध्ये कूलंट महिनोन्‌महिने जवळपास तेवढंच राहायला हवं. सहा सिलिंडरच्या ट्रकमध्ये साधारण 20 लिटरच्या पुढं कूलंट बसतं आणि ते बंद चक्रात फिरतं. रोज लिटर-दोन लिटर घालावं लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय. आणि रोज वरून पाणी घालून आपण तो पुरावाच धुऊन टाकतो. घातलेल्या पाण्यानं कूलंट पातळ होतं, त्याचा रंग फिका पडतो, आणि गळतीच्या जागी जो रंगीत डाग पडायचा तोही पडेनासा होतो.

त्यातही आपल्याकडचं पाणी. बालाघाटाच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि सिलिंडरच्या भोवतीच्या पोकळीत बसतो. थर बसला की उष्णता बाहेर जात नाही, इंजिन जास्त तापतं, जास्त दाब होतो आणि आधीची बारीक गळती मोठी होते. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. ती पातळ झाली की वॉटर बॉडीचा, म्हणजे पाण्याच्या पंपाचा, पंखा, लायनर, अ‍ॅल्युमिनियमचे भाग आतून खायला लागतात. म्हणून शोध पूर्ण होईपर्यंत घालायचंच असेल तर कंपनीनं सांगितलेलं तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाणी घाला. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र करू नका. रंग सारखा असला म्हणजे जात सारखी असतेच असं नाही.

शोधाला सुरुवात करताना एकच प्रश्न डोक्यात ठेवायचा: पाणी कोणत्या वाटेनं जातंय? वाटा मोजक्याच आहेत. ते जमिनीवर पडतं, किंवा झाकणातून वाफ होऊन उडतं, किंवा इंजिन ऑइलमध्ये उतरतं, किंवा सिलिंडरमध्ये शिरून सायलेन्सरवाटे निघून जातं. पहिल्या दोन वाटा तपासायला जवळपास खर्च नाही. शेवटच्या दोन खर्चिक आहेत, आणि आपल्याकडं नेमकी तिथूनच सुरुवात होते. गाडी गॅरेजला लागली की अर्ध्या तासात निदान ठरतं, "हेड गॅसकेट गेलं." हेड उतरतं, गॅसकेट बदलतं, बिल होतं, आणि आठवड्याभरात कॅन पुन्हा रिकामा.

वेळ नाही, ही सबब ऊसवाल्या गाडीला लागू होत नाही. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत गाडी कित्येक तास उभी असते. इंजिन थंड, ड्रायव्हर मोकळा. यापेक्षा चांगली वेळ मिळत नाही. रांगेत पुढं सरकायचं असतं, त्यामुळं गाडीखाली जाण्याआधी हँडब्रेक आणि चाकाला दगड या दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत. चावी स्वतःच्या खिशात.

पहिली तपासणी झाकणाची. रेडिएटरचं किंवा एक्सपान्शन टाकीचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी समजा. बीड समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं उघड्या भांड्यातलं पाणी इथं 98 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणानं एक बारचा दाब धरला की तेच पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणातला स्प्रिंग ढिला झाला किंवा रबर चिरलं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडतं. जमिनीवर थेंब नाही, ऑइल स्वच्छ, धूर नाही, तरी पातळी उतरते आणि टाकीच्या बाहेरच्या अंगाला ओघळ वाळलेले दिसतात. असं असेल तर आधी झाकण बदला. दाबाचा आकडा झाकणावर छापलेला असतो, तोच आकडा असलेलं घ्या. जास्त दाबाचं झाकण बसवलं तर पुढचा कमजोर जोड फुटतो. झाकणात आत ओढणारा दुसरा छोटा वॉल्व्हही असतो. तो अडकला की गाडी गार झाल्यावर होज पाइप चपटा होऊन आत बसलेला दिसतो.

झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नका. आत शंभराच्या वर तापलेलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सुटताक्षणी त्याची वाफ होऊन ते तोंडावर, छातीवर येतं. वरचा होज हातात सहज दाबता येईपर्यंत थांबायचं, मग जाड फडकं टाकून अर्धा फेरा, दाब गेल्यावर पूर्ण.

झाकण ठीक असेल तर आता जमीन बघा. यार्डातली जमीन आधीच ओली-चिकट असते, म्हणून गाडीखाली पुठ्ठे पसरा. थेंब कुठं पडतो हे पुठ्ठा सांगतो, पण गळती तिथंच वर आहे असं समजू नका. रेडिएटरमागचा पंखा वारा मागं फेकतो, आणि चालत्या गाडीत पुढच्या जोडातून निघालेला थेंब मागं जाऊन चेंबरवर, गिअरबॉक्सवर सापडतो. म्हणून नियम असा की ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. मूळ तिथं. त्याआधी इंजिन धुऊन कोरडं केलेलं असावं, नाहीतर जुन्या ऑइलच्या चिकट थरात काहीच कळत नाही.

पाणी बहुतेक वेळा ओलं सापडतच नाही. गरम इंजिनावर ते पडता पडता वाळतं आणि मागं डाग ठेवतं. हिरवट, गुलाबी, नारिंगी, ज्या रंगाचं कूलंट तसा. बोअरचं पाणी घालत आला असाल तर पांढरा खडखडीत थर. इथं एक फसगत होते. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांना युरियाची टाकी असते. त्या नळ्यांच्या जोडाशी गळती झाली तरी पांढरे स्फटिकच साठतात. तो थर बोटावर घेऊन पाण्याचा थेंब टाका. युरिया लगेच विरघळतो, क्षाराचा थर तसाच राहतो.

आता वॉटर बॉडीकडं बारकाईनं बघायला हवं, कारण नवशिक्याची नजर तिथूनच निसटते. तिच्या शाफ्टच्या खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं, पेन्सिलच्या टोकाएवढं. ते भोक कुणी चुकून पाडलेलं नाही. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर यावं म्हणून ते ठेवलेलं असतं. भोकाशी टॉर्च धरा. कोरडं आणि धुळकट असेल तर सील शाबूत. खाली रंगीत ओघळ, त्यावर चिकटलेली माती, आणि कडेला बारीक खडे झालेले असतील तर सील गेलेलं आहे. बरेचदा हे भोक फक्त गार असताना ठिबकतं. धातू तापून फुगला की सील घट्ट बसतं आणि थेंब थांबतो. म्हणून दुपारी गॅरेजात दाखवल्यावर मिस्त्री म्हणतो, "काही नाही," आणि पहाटे पुठ्ठ्यावर परत डाग. हे भोक एम-सील लावून बुजवणारेही आहेत. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग जाम होतं, पंखा डुगडुगायला लागतो आणि एक दिवस सरळ रेडिएटरची जाळी फाडतो.

होज पाइपची क्लिप, थर्मोस्टॅटच्या घराचा जोड, बायपास पाइप, इंजिनाच्या बाजूचे गोल वेल्च प्लग, ऑइल कूलरचं कव्हर ही बाकीची ठिकाणं. होज दाबून बघा. चांगला होज लवचीक असतो. टणक झालेला, भेगाळलेला किंवा ऑइलनं फुगून मऊ पडलेला होज क्लिप आवळून सुधारत नाही. नव्या रेडिएटरांच्या वरखाली प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. त्या आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी जिथं दुमडून बसवलेली असते, त्या कडेला केसाएवढी फट पडते आणि ती फक्त दाबाखालीच गळते.

म्हणून प्रेशर टेस्टर हवा. हातपंप, वर घड्याळ, आणि झाकणाच्या जागी बसणारं तोंड, एवढंच ते साधन. गार इंजिनावर झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं बघायचं. काटा जागेवर राहिला तर निदान थंड अवस्थेत सिस्टीम शाबूत. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली तर जागा सापडली. काटा उतरला पण बाहेर सगळं कोरडं असेल तर पाणी आत जातंय. माझं स्पष्ट मत आहे की ज्या गॅरेजात हा टेस्टर नाही तिथं हेड खोलू देऊ नये. काही मिस्त्री टेस्टरऐवजी गाडीच्याच हवेच्या टाकीतून हवा देतात. ब्रेकच्या हवेचा दाब सात-आठ बार असतो, रेडिएटर जेमतेम एक बारसाठी बनवलेला. तो फुटतो, कधी माणसाच्या अंगावर.

आत जाणाऱ्या पाण्याची पहिली जागा म्हणजे ऑइल. डिपस्टिकवर ऑइल दुधी, कॉफीसारखं दिसलं तर शंका नको, पण तिथवर थांबायची गरज नाही. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सुरू करण्याआधी चेंबरचा ड्रेन प्लग सावकाश ढिला करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, म्हणून असलं तर आधी तेच येतं. उलट, एक्सपान्शन टाकीत तेलाचा तवंग दिसला तर आधी ऑइल कूलरचा विचार करा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात शिरतं. बंद केल्यावर पाणी ऑइलकडं जायला लागतं. ऑइलमध्ये पाणी सापडलं की गाडी तिथंच थांबवायची. तसंच रेटलं तर बेअरिंगं जातात आणि मग क्रँकचं काम निघतं.

दुसरी जागा सिलिंडर. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला तर तो दाब उष्णतेचा नाही, कॉम्प्रेशनचा आहे. टाकीत सतत बुडबुडे, इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा गोडसर वासाचा धूर, सकाळी सुरू होताना एखादा सिलिंडर न मारणं, ही सोबतची लक्षणं. पाणी जास्त उतरलेलं असेल तर स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो.

पण बुडबुडे दिसले म्हणजे हेड गॅसकेटच, हा निष्कर्ष ट्रकमध्ये अर्धवट आहे. ट्रकला ब्रेकसाठी हवेचा कंप्रेसर असतो आणि बऱ्याच गाड्यांत त्याचं हेड इंजिनाच्याच पाण्यानं थंड होतं. त्या कंप्रेसरचं छोटं गॅसकेट गेलं की हवा पाण्यात शिरते आणि टाकीत हुबेहूब तसेच बुडबुडे येतात, पाणी बाहेर फेकलं जातं, काटा चढतो. कारच्या अनुभवावर शिकलेल्या मिस्त्रीला हे सुचत नाही. तपासायची युक्ती सोपी आहे. हवेची टाकी भरली की "फुस्स" आवाज होऊन कंप्रेसरवरचा भार जातो. त्यावेळी बुडबुडे मंदावले किंवा थांबले, आणि ब्रेक दाबून हवा कमी केल्यावर पुन्हा जोरात आले, तर संशय कंप्रेसरवर. आवाजाचा काहीच परिणाम झाला नाही तर संशय हेडवर. खात्री करायची तर कंप्रेसरच्या पाण्याच्या दोन नळ्या काढून एकमेकींना जोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं नुसतं आयडलवर ठेवून टाकी बघायची. कंप्रेसरचं गॅसकेट आणि इंजिनाचं हेड, या दोन कामांच्या खर्चातला फरक मालकांना सांगायला नको. टाकीतल्या वायूत जळालेला धूर आहे का हे दाखवणारं निळं टेस्टचं पाणी मिळतं. धूर लागला की त्याचा रंग बदलतो. कंप्रेसरच्या हवेनं तो बदलत नाही.

ईजीआर कूलर असलेल्या गाड्यांत अजून एक छुपी वाट आहे. त्या कूलरमध्ये एका बाजूनं तापलेला धूर आणि दुसऱ्या बाजूनं पाणी जातं. तो आतून फुटला की पाणी धुरात मिसळतं. ऑइल स्वच्छ, जमीन कोरडी, पातळी मात्र रोज खाली. बीएस-6 मध्ये हे पाणी पुढं जाऊन सायलेन्सरमधल्या महागड्या फिल्टरचीही वाट लावतं, त्यामुळं इथं चालढकल परवडत नाही.

कधी कधी गळती नसतेच, गाडी फक्त तापून पाणी फेकत असते. फडातली पाचट आणि परळीची राख रेडिएटरच्या जाळीत अडकून बसते. 2025 पासून नव्या जड ट्रकना एसी केबिन आलं, त्यांच्या रेडिएटरपुढं कंडेन्सरही असतो आणि दोन्हींच्या मधल्या सापटीत कचरा साठतो. समोरून जाळी चकचकीत दिसते. हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूनं पुढं, बेतानं, जाळीचे पत्रे वाकणार नाहीत अशी.

हे सगळं निवांत वेळेचं. मांजरसुंबा घाट चढताना किंवा तेलगावकडून धारूरच्या अरुंद घाटात काटा लाल रेषेकडं सरकला तर वेगळं वागावं लागतं. भार कमी करून सुरक्षित जागा बघा. पाणी शिल्लक आहे आणि पंख्याचा बेल्ट शाबूत आहे याची खात्री असेल तर मिनिट-दोन मिनिटं आयडल चालतं. वाफेचा लोट निघतोय किंवा पाणी गेलेलं आहे असं दिसलं तर लगेच बंद. काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरं सांगतो. पाणीच उतरलं तर तो कोरड्यात राहून काटा खाली पडतो आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी गार झाली. तापलेल्या ब्लॉकवर किंवा आत गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. अर्धा-पाऊण तास थांबा, मग थोडं थोडं.

रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायचा जुना तोडगा सगळ्यांना ठाऊक आहे. हळद फुगून बारीक छिद्रात बसते आणि गाडी गॅरेजपर्यंत येते, हे खरं. पण ती छिद्रातच बसते असं नाही, रेडिएटरच्या चांगल्या नळ्यांतही बसते. टाकली असेल तर मिस्त्रीला तसं सांगा आणि सिस्टीम पूर्ण धुऊन घ्या. बाटलीतल्या लीक-स्टॉपचंही तेच.

काढलेलं कूलंट यार्डात, गटारीत किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असतं. तळावर बैलं असतात, कुत्री असतात, टोळीची लेकरं उघड्यावर खेळत असतात. ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणं तर अजिबात नको. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर लिहून, जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

मालकांनी ड्रायव्हरला एक साधी वही द्यावी. रोज सकाळी गार इंजिनावर टाकीची पातळी, किती घातलं, किती किलोमीटर झालं, एवढंच लिहायचं. जास्त पाणी लागलं म्हणून ड्रायव्हरवर ओरडू नका, नाहीतर तो लिहायचंच बंद करील. मिस्त्रीकडं जाताना ती वही न्या आणि त्याला सांगा की पाणी गार असताना जातं की गरम असताना, घाटात की सपाटीला, ऑइलची पातळी वाढली का, धूर कसा आहे, झाकण कधी बदललं. हंगामाची उचल घेण्याआधी, म्हणजे पोळा ते दसरा या काळात, प्रेशर टेस्ट करून घ्या. टोळ्या निघायला लागल्या की गॅरेजवाल्यालाही सवड नसते आणि हाती लागेल तो पार्ट बसवून गाडी रस्त्याला लावली जाते.